व्याकरणाची ढाल

वादात उत्तर सुचेनासे झाले की प्रतिपक्षाचे व्याकरण काढावे, ही युक्ती जुनीच आहे. पण संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर चालणाऱ्या वादांत तिला हल्ली विद्वत्तेची प्रतिष्ठा मिळाली आहे. ही प्रतिष्ठा खोटी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ॲपल कंपनीचेच उदाहरण घ्या. १९९७ साली तिने ‘थिंक डिफरंट’ ही घोषणा काढली आणि इंग्रजीचे पंडित खवळले. येथे विशेषण कसे? क्रियाविशेषण हवे, ‘डिफरंटली’ हवे! स्टीव्ह जॉब्ज यांचे म्हणणे असे की, ‘डिफरंट’ हा शब्द येथे नामासारखा योजला आहे. हा वाद अजूनही चघळला जातो. मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहतो : या कंपनीने खरोखर वेगळे असे केले तरी काय?

प्रश्न विचारण्याजोगा आहे. माऊस डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ सालीच सॅन फ्रान्सिस्कोत जाहीरपणे चालवून दाखविला होता. चित्रमय पडदा आणि माऊस असलेला ‘आल्टो’ संगणक झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात १९७३ साली तयार झाला. ॲपलची मंडळी १९७९ साली तेथे जाऊन पाहून आली, आणि त्यांचा मॅकिन्टॉश बाजारात आला १९८४ साली. कोणी म्हणेल, ही तर उसनवारी! कोणी म्हणेल, प्रयोगशाळेतली वस्तू घराघरांतल्या टेबलावर आणणे हीच खरी नवनिर्मिती. दोन्ही पक्षांना बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण वाद ऐन रंगात असता कोणीतरी ‘फ्युअर’च्या जागी ‘लेस’ लिहितो, आणि दुसरा पक्ष विजयाचा गुलाल उधळून मोकळा होतो!

बरे, हा नियम तरी आला कोठून? १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने, मोजता येणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत ‘फ्युअर’ हा शब्द आपल्याला अधिक बरा वाटतो, असे लिहिले. ती त्याची आवड होती. पुढच्यांनी तिचा कायदा केला. त्याआधी शेकडो वर्षे इंग्रज माणूस अशा ठिकाणी ‘लेस’ खुशाल वापरीत आला होता.

व्याकरण नकोच, असे आम्ही म्हणत नाही. अर्थाचा घोटाळा होत असेल तेथे चूक अवश्य दाखवावी. पण अर्थ लख्ख कळत असता चुकीकडे बोट दाखविणे, ही निव्वळ पळवाट होय. गावच्या विहिरीचे ‘पानी’ नासले आहे असे सांगत आलेल्या माणसाला, “आधी ‘पाणी’ म्हणायला शीक,” असे बजावून परत पाठविणारे पंडित आपल्याकडे काय थोडे झाले? त्या माणसाचा ‘ण’ सुधारलाही असेल. विहीर तशीच राहिली.

इंग्रजी ही आपल्यापैकी बहुतेकांची शाळेत शिकलेली भाषा. असल्या हेटाळणीने तोंड मिटून बसतो तो बहुधा असा माणूस, की ज्याला यंत्राचे अंतरंग उत्तम कळते, पण परक्या भाषेतली शब्दयोगी अव्यये अडखळवितात. त्याच्या गप्प बसण्याने इंग्रजीचे काहीच भले होत नाही. ज्ञानाचे मात्र नुकसान होते.

वाचकहो, या दिवाळीत फराळाच्या ताटांभोवती घरातली तरुण मंडळी असल्याच विषयांवर हिरिरीने भांडतील. भांडू द्या! एवढेच सांगा की, समोरच्याचे म्हणणे खोडता आले तर खोडा. न आले तर मान्य करा. त्याचे इंग्रजी मागाहून सुधारता येईल.