झाकलेलं तेल



म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी तयार होत होती. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे त्या कारखान्यातली सगळ्यात नवी येझदीही आज तिशीची झाली. तरी अंधेरी-घाटकोपरकडे अब्बांची येझदी अजून घरात असते आणि मागच्या सीटवर अम्मी बसते.

अशा गाडीचं इंजिन सगळे जपतात, मागच्या शॉकअपकडे कोणी बघत नाही. मागे बसणारा चाकाच्या जवळ असतो, म्हणून खड्ड्याचा मार आधी त्याच्या कमरेला बसतो.

तपासणी घरी होते. सीट जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डुलली तर शॉकअप गेला. धक्का स्प्रिंग झेलते, पण तिची उसळी आवरतं आतलं तेल. ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं, त्यात जोर जिरतो. दांड्यावर बोट फिरवा. तेल लागलं तर सील गळतंय. मग डबल स्टँडवर मागचं चाक धरून आडवं हलवा. खडखड झाली तर चाकाचं बेअरिंग किंवा चिमट्याचा बुश झिजलाय. तो तसाच ठेवून नवे शॉकअप टाकले तरी गाडी वळणावर डगमगणारच.

आट्यांचं झाकण असलेला शॉकअप उघडून सील, तेल, रबरी बुश बदलता येतात. दांड्याला गंजाचे खड्डे असतील तर तो नवं सीलही कापतो. दांडा बदला किंवा हार्ड क्रोम करून घासून घ्या. काम जोडीनं करा. दोन्हींत तेल मापून सारखं, ॲडजस्टर एकाच खाचेवर. बंद डबीला भोक पाडून, तेल भरून वेल्डिंग करतो म्हणणाऱ्याला नकार द्या. आणि स्प्रिंग घरी काढू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जायबंदी होतो.

आता मुद्द्याचं. जुनी गाडी विकताना शॉकअपवरचं तेल फडक्यानं पुसलं की गिऱ्हाइकाला काही दिसत नाही. सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली. विक्रेत्यानं पावसाचं कारण दिलं. लोकांना दिसावं म्हणून ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विचारलं.

पाऊस विक्रेत्याच्या हातात नव्हता. ओल दाखवणं होतं. सील झिजणंही कुणाच्या हातात नाही. म्हणून विकणाऱ्यानं गळती आधी सांगावी, दाम तेवढा कमी घ्यावा. मेकॅनिकनं काढलेलं जुनं सील गिऱ्हाइकाच्या हातात ठेवावं. त्या गाडीवर उद्या कुणाची तरी अम्मी बसणार आहे.