‘शादलूला परत आणा’ म्हणणाऱ्यांसाठी

३१ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असं हरवलं. फरक तीन गुणांचा. तेव्हापासून आमच्या जळगाव-धुळ्यातल्या पलटणप्रेमींनी एकच टुमणं लावलं आहे: पुढच्या लिलावात पहिली मोठी बोली मोहम्मदरेझा शादलूईवर लावा. वर्गातली पोरं म्हणतात, "मॅडम, शादलू आला की कप आपलाच." नात्यातली मोठी माणसं लग्नाच्या दस्तरखानावर बसून हेच सांगतात. कुणी देवांक दलालचं नाव घेतं, कुणी पवन सेहरावतचं. पण पहिलं नाव शादलूचंच असतं. ते पहिलं का असतं, यामागे कबड्डीशिवाय दुसरंही एक कारण आहे. तिकडे मी येणारच आहे. आधी निव्वळ कबड्डीचा हिशेब करू.

हिशेब सरळ आहे. २०१७ च्या पाचव्या मोसमापासून बाराव्या मोसमापर्यंत दरवर्षी लिलावात जो खेळाडू सर्वांत महाग गेला, त्याच्या संघाने त्या वर्षी एकदाही विजेतेपद पटकावलेलं नाही. एकदाही नाही!

२०१७ मध्ये नितीन तोमर ९३ लाखांना यूपीकडे गेला. कप पाटण्याने नेला. २०१८ मध्ये मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना हरियाणाकडे गेला. हरियाणा आपल्या गटात तळाला राहिला. २०१९ मध्ये आपल्या कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला. टायटन्स बारा संघांत अकरावे. २०२१ मध्ये परदीप नरवाल १ कोटी ६५ लाखांना यूपीकडे. उपांत्य फेरीत गाडी थांबली. २०२२ मध्ये पवन सेहरावत २ कोटी २६ लाखांना तमिळ थलायवाजकडे गेला आणि पहिल्याच सामन्यात गुडघा धरून बाहेर पडला. त्याच्याविना थलायवाज उपांत्य फेरीपर्यंत आले, तिथे त्यांना पलटणनेच हरवलं. २०२३ मध्ये तोच पवन २ कोटी ६० लाख ५० हजारांना टायटन्सकडे. टायटन्सने २२ पैकी दोन सामने जिंकले आणि शेवटचा क्रमांक मिळवला. २०२४ मध्ये सचिन तंवर २ कोटी १५ लाखांना थलायवाजकडे; संघ बाद फेरीतही नाही. आणि २०२५ मध्ये सर्वांत महाग कोण होता? हाच शादलू. गुजरातने त्याला २ कोटी २३ लाखांना घेतलं आणि गुजरात पहिल्या आठांतही आला नाही. त्याच्या खालोखाल महाग गेलेला देवांक बंगालकडे होता. बंगालही आठांत नव्हता.

आपल्याकडचा व्यापारी कापूस घेताना ढिगाची उंची बघून भाव करत नाही. आतून मूठभर काढतो, दाबतो, ओलावा बघतो. खेळाडूच्या बाबतीत मात्र आपण मागच्या वर्षीचा भाव बघतो आणि तोच त्याचा दर्जा समजतो.

यावर जे उत्तर येतं ते मला पाठ आहे, आणि ते फालतू नाही. दहाव्या मोसमात पलटणने शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. त्याने ९९ पकडीचे गुण मिळवले. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये पलटणने हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिला कप जिंकला. मग पलटणने त्याला सोडलं. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये, तेही पुण्यातच, कप जिंकला. त्या वर्षी पलटण बाद फेरीतही नव्हती. "बघा मॅडम, शादलू जिथे, कप तिथे."

बघितलं. आता आणखी दोन गोष्टी तुम्ही बघा. अकराव्या मोसमात पलटणकडे शादलू नव्हता हे खरं, पण दुखापतीमुळे कर्णधार अस्लम इनामदारही बाहेर बसला होता. बाराव्या मोसमात शादलू नव्हताच. अस्लम मात्र परत आला आणि पलटण अंतिम सामन्यापर्यंत गेली. मग पलटणचं भवितव्य कुणाच्या गुडघ्यावर अवलंबून आहे?

दुसरी गोष्ट पैशांची. दहाव्या मोसमात एका संघाला खेळाडूंवर एकूण ५ कोटीच खर्च करता येत होते. त्यातले २ कोटी ३५ लाख एका माणसावर, म्हणजे जवळजवळ निम्मे. उरलेल्या पैशात अख्खा संघ. टायटन्सनेही त्याच वर्षी पवनवर निम्म्याहून जास्त रक्कम लावली होती. मग एक संघ पहिला आणि एक संघ शेवटचा का आला? कारण पलटणकडे बाकीचं घर आधीच बांधलेलं होतं. अस्लम, मोहित गोयत, नाशिकचा आकाश शिंदे, अबिनेश नटराजन ही पोरं कोवळ्या वयात पलटणमध्ये आली, तिथेच वाढली, एकमेकांच्या चढाया आणि पकडी झोपेतही ओळखू लागली. त्यांची किंमत कमी होती म्हणून शादलू परवडला. टायटन्सकडे तशी पोरं नव्हती. पवन एकटा किती चढाया करणार?

यातलं कळीचं नाव अस्लमचं. अहमदनगर, आता अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातलं टाकळी ढोकेश्वर हे त्याचं गाव. तो पलटणमध्ये लिलावाच्या हातोड्याखालून आलेला नाही. संघांना लिलावाबाहेर काही नवे तरुण खेळाडू निवडता येतात, त्या वाटेने तो आठव्या मोसमात आला. टीव्हीवर त्या दिवशी ना कॅमेरा होता, ना कोटींची बोली. म्हणजे पलटणच्या इतिहासातली सर्वांत फायद्याची निवड आपल्यापैकी कुणी पाहिलीच नाही. आपण पाहतो तो लिलाव.

आता त्या दुसऱ्या कारणाकडे येते. आपल्या मोहल्ल्यांत शादलूचं नाव पहिलं येतं, कारण तो "आपला" वाटतो. आधी फजल अत्राचली आपला, मग शादलू आपला, अस्लम तर आपलाच. ही ओढ मला समजते. ज्या पोरांना आपलं नाव टीव्हीवर बहुतेक वेळा वाईट बातमीतच ऐकू येतं, त्यांना कर्णधाराच्या पाठीवर 'अस्लम' दिसलं की ऊर भरून येणारच. पण खेळाडूची पारख आणि ऊर भरून येणं ही दोन वेगळी कामं आहेत. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोउमध्ये एशियाडचा अंतिम सामना झाला तेव्हा अस्लम भारताच्या संघात होता आणि शादलू समोर, इराणच्या संघात. भारताने ३३-२९ असं सुवर्ण जिंकलं. त्या दिवशी तुमचा "आपला" कोण होता? मेहरूणमध्ये आणि देवपुरात जल्लोष कुणासाठी झाला हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. मग लिलाव आला की नावाची बेरीज कशाला करायची?

उलट्या बाजूने बोलणारेही आहेत. त्यांना अस्लम पुरावा म्हणून हवा असतो. "अस्लम कर्णधार झाला ना? मग तुमची तक्रार कसली? खेळात जात-धर्म नसतो." मॅटवर नसतो, मान्य. मॅटपर्यंत येणाऱ्या रस्त्यावर मात्र गरिबी असते, कागद असतात, भाषा असते. एक पोरगा पोचला यावरून रस्ता आहे एवढंच सिद्ध होतं. वाटेत किती जण गळाले ते त्यावरून कळत नाही.

हे गळणं मी जवळून बघते. उर्दू आणि मराठी शिकवता शिकवता माझी पंधरा-सोळा वर्षं गेली. शालेय कबड्डी स्पर्धा तालुक्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून विभागाला, मग राज्याला जाते. आमचा विभाग नाशिक. परिपत्रक मराठीत येतं, मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून राहतं. नोंदणीची मुदत संपायला दोन दिवस राहिले की धावपळ. मग कळतं की पोराच्या आधारवर 'शेख' पुढे आहे, दाखल्यावर मागे आहे आणि जन्मदाखल्यावर तो 'शैख' आहे. वडिलांचं नाव कुठे मधे, कुठे शेवटी. अर्ज अडकतो, पोरगा घरी बसतो. पीटीचा तास गणिताला दिला जातो आणि पालक खूश होतात. खेळायचं ते मातीत. मॅट पहिल्यांदा दिसतो तो जिल्ह्याच्या स्पर्धेत, तेव्हा पायाला पकडच सापडत नाही. खासगी संघाची निवड चाचणी कुठे असते, कधी असते, हे माझ्या एकाही विद्यार्थ्याला वेळेत कळल्याचं मला आठवत नाही.

आणि थोडं आपल्या घरातलंही बोलू या. "चड्डी घालून खेळायचं का?" हा प्रश्न मला किती अम्मी-अब्बांनी विचारला असेल. गुडघ्याखालपर्यंतची घट्ट पँट घालून खेळता येतं, खेळतातही. "खेळून पोट भरतं का?" हा दुसरा प्रश्न. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. ठरावीक पातळीपर्यंत खेळल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळायला आधी नाव बरोबर लिहिलेला कागद लागतो. शादलूची किंमत रुपयापर्यंत सांगणाऱ्या बापाला हे नियम माहीत नसतात, याचा मला राग येतो.

मग पलटणने पहिली बोली कुणावर लावावी? माझं मत विचाराल तर दोन कोटींच्या कुणावरही नाही. आधी घरची पोरं राखावीत. मग अस्लमला दुखापत झाली तर त्याची जागा घेईल असा बावीस वर्षांच्या आतला अष्टपैलू शोधावा, आणि कोपऱ्यातला एक राखीव बचावपटू. यानंतर पैसे उरले आणि शादलू परवडला, तर जरूर घ्यावा. तो मोठा खेळाडू आहे, त्याच्याशी माझं वैर नाही. पण त्याच्यापासून सुरुवात करणं म्हणजे भिंतीआधी पत्रे विकत आणणं.

आणि पलटणच्या मालकांकडे काही मागायचंच असेल तर शादलू मागू नका. पुढच्या लिलावाआधी जळगावात किंवा धुळ्यात एक दिवसाची खुली निवड चाचणी मागा. तिची जाहिरात मराठीत आणि उर्दूत, पंधरा दिवस आधी. नाशिकहून आकाश जातो, पारनेरहून अस्लम जातो, तर यावल, पारोळा, शिरपूर, साक्रीहून का नाही जाणार? तांबापुऱ्यातल्या शेखच्या पोराबरोबर साक्रीचा पावराही तिथे यावा, रावेरच्या केळीच्या बागेत राबणाऱ्याचा मुलगाही यावा. चाचणी घेणाऱ्याने नाव विचारण्याआधी त्याची पकड बघावी.

आपलं कामही तोवर थांबायला नको. ज्यांच्या घरात आठवी-नववीतला मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी या आठवड्यात आधार, शाळेचा दाखला आणि जन्मदाखला समोरासमोर ठेवून तिन्हींवरचं नाव अक्षर न अक्षर जुळवून बघावं. जुळत नसेल तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच करावा. लिलावाला वेळ आहे. शालेय स्पर्धेची नोंदणी त्याआधी येईल.