हुतात्म्यांच्या अस्थींचे ऋण

सियाचीनच्या हिमनदीवर फेब्रुवारी १९९३ मध्ये बेपत्ता झालेले महाराष्ट्राचे सुपुत्र हवालदार टी. व्ही. पाटील यांचा पार्थिव देह ऑक्टोबर २०१४ मध्ये सापडला. एकवीस वर्षे बर्फाने तो जपून ठेवला होता. ओळख पटली ती खिशातील दोन कागदांवरून. एक वैद्यकीय प्रमाणपत्र, दुसरे घरून आलेले पत्र. घरच्या माणसांनी लिहिलेल्या चार ओळींनी त्या वीराला त्याचे नाव परत मिळवून दिले. हा योगायोग कोणाच्याही डोळ्यांत पाणी आणील. परंतु मातृभूमीसाठी देह ठेवणाऱ्याची ओळख राष्ट्राने योगायोगावर सोपवावी काय, हा प्रश्न अश्रू पुसल्यावरही उरतोच.

हे उदाहरण एकमेव नाही. ‘ऑपरेशन मेघदूत’मध्ये २९ मे १९८४ रोजी हिमस्खलनात गाडले गेलेले कुमाऊँ रेजिमेंटचे लान्सनायक चंद्रशेखर हर्बोला यांचा देह ऑगस्ट २०२२ मध्ये मिळाला. सैन्यक्रमांक कोरलेल्या धातूच्या बिल्ल्यावरून ते ओळखले गेले आणि अडतीस वर्षांनी हल्द्वानी येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला निघालेले वायुदलाचे एएन-१२ विमान १०२ जणांसह रोहतांग परिसरात नाहीसे झाले. त्याचे अवशेष गिर्यारोहकांना २००३ मध्ये दिसले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे छप्पन्न वर्षांनी, आणखी चार देह हाती आले. त्यांतील केरळचे थॉमस चेरियन यांचे त्यांच्या गावच्या चर्चमध्ये विधिपूर्वक दफन झाले. चितेची ज्वाला असो वा मूठभर माती, वीराला त्याच्या परंपरेप्रमाणे निरोप मिळाला, हे महत्त्वाचे.

आपल्या संस्कृतीत अंत्येष्टी हा सोळा संस्कारांतील अखेरचा संस्कार. देहच मिळाला नाही तर काय करावे, याचाही विचार शास्त्रकारांनी केला आणि पालाशविधी सांगितला. पळसाच्या पानांची आणि दर्भाची प्रतिकृती करायची, मस्तकाच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्यालाच अग्नी द्यायचा. बेपत्ता माणसाची कित्येक वर्षे वाट पाहावी आणि मगच हा विधी करावा, असा संकेत आहे. कायद्यानेही सात वर्षे ठोठावलेली आहेत. तेवढ्या काळात ज्याची खबर नाही, तो मृत मानला जातो. कायद्याने निवृत्तिवेतनाचा प्रश्न सुटतो, शास्त्राने श्राद्धाची तिथी ठरते. पण दाराची कडी वाजली की आजही जिच्या काळजाचा ठोका चुकतो, त्या वीरपत्नीच्या मनाचा निवाडा कोणता कायदा करणार? तिच्यासाठी एक अस्थी, एक बिल्ला, पत्राचा एक चिटोराही पुरेसा असतो.

परक्यांच्या राज्यात आपल्या सैनिकांच्या वाट्याला याहून मोठी उपेक्षा आली. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढता लढता पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. विसाव्याची जागा मात्र ठाऊक नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस जण गमावले. त्या युद्धात मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी बसरा येथे जे स्मारक उभारले गेले, त्यावर इंग्रजांची नावे कोरली गेली आणि सामान्य हिंदी शिपायांची केवळ संख्या. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल क्षमा मागितली. क्षमा मागायला शंभर वर्षे लागली! साम्राज्याच्या दृष्टीने शिपाई हा आकडा होता. स्वतंत्र भारताच्या दृष्टीने तो पुत्र आहे, आणि पुत्राची गणती आकड्यांत होत नसते.

शत्रूच्या मृतदेहाचीही विटंबना न करणारी आपली सेना आहे. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर पडलेल्या आपल्याच सैनिकांचे देह पाकिस्तान स्वीकारेना, तेव्हा भारतीय जवानांनी मौलवींना बोलावून इस्लामी रीतीने त्यांचे दफन केले. शत्रूशी इतक्या सभ्यतेने वागणारा देश स्वकीयांच्या शोधात मागे राहणे शोभत नाही.

अमेरिकेने आपल्या बेपत्ता सैनिकांसाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली आहे. दुसऱ्या महायुद्धात अरुणाचलच्या डोंगरांत कोसळलेल्या विमानांतील वैमानिकांचे अवशेष ती आजही शोधते. एप्रिल २०१६ मध्ये असे काही अवशेष दिल्लीहून सन्मानाने मायदेशी रवाना झाले. भारतात हरवलेल्या चारशेहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या या शोधाला साहाय्य करण्यासाठी गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२१ मध्ये पुढे आले. म्हणजे विद्या आपल्याकडे आहे, शास्त्रज्ञ आपल्याकडे आहेत. मग ही विद्या स्वतःच्या घरासाठी का वापरू नये?

त्यासाठी तीन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. १९४७ पासून बेपत्ता असलेल्या प्रत्येक सैनिकाची, शेवटचे ठिकाण आणि तारीख यांसह, एक राष्ट्रीय नोंदवही सिद्ध व्हावी. हिमनद्या वितळून जे पोटातून बाहेर टाकत आहेत, ते वाहून जाण्यापूर्वी दर उन्हाळ्यात प्रशिक्षित पथकांनी तेथे शोध घ्यावा. आणि सर्वांत निकडीचे म्हणजे आप्तांचे डीएनए नमुने आजच घ्यावेत. मातृपरंपरेने येणारी खूण भावाबहिणींत आणि बहिणीच्या मुलांत टिकून राहते. परंतु १९६२ मध्ये हरवलेल्या जवानाची भावंडे आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्याबरोबर ही खूणही निघून गेली, तर उद्या हिमनदी देह परत करील आणि तो कोणाचा हे सांगणारे कोणी उरणार नाही.

मात्र सारेच शासनावर सोपवून समाजाला मोकळे होता येणार नाही. युद्धाच्या खुणा गावोगाव आहेत. बदलापूर-वांगणीदरम्यानच्या चामटोलीसारख्या गावाला सैन्यपरंपरेचा डंका नसेल, पण त्याच पट्ट्यातील उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीवर, फाळणीने उखडलेल्या सिंधी बांधवांच्या कष्टांतून उभे राहिले आहे. अशा प्रत्येक गावात आणि वस्तीत सेनेत गेलेल्यांची, परतलेल्यांची आणि न परतलेल्यांची यादी करणे स्वयंसेवकांना आणि माजी सैनिकांना सहज शक्य आहे. त्यासाठी निधी लागत नाही. घराघरांत जाऊन वृद्धांपाशी बसण्याची तयारी तेवढी लागते.

पितृपक्षात तर्पण करताना, ज्यांना पाणी देणारे कोणी नाही अशांसाठीही आपण ओंजळ सोडतो. ही ओंजळ अनामिकांसाठी असते. परंतु ज्यांना नाव होते, गाव होते, वाट पाहणारी आई होती, त्यांना अनामिकांत राहू देणे हा करंटेपणा ठरेल. त्यांची नावे शोधून काढणे आणि त्या नावाने त्यांना पाणी देणे, हेच त्यांचे खरे तर्पण होय.