बंदराची वाट आणि क्रीडागृह

अमेरिकेतील सिअ‍ॅटल नगरीत बंदरानजीकच्या औद्योगिक भूमीवर बास्केटबॉल व हॉकीसाठी भव्य क्रीडागृह उभारण्याची योजना २०१२ साली पुढे आली, तेव्हा बंदराच्या कारभाऱ्यांनी तिला उघड विरोध केला. त्यांना अरसिक म्हणणे सोपे होते. पण त्यांचे म्हणणे व्यवहाराचे होते. तेथे दोन मोठी क्रीडांगणे आधीच आहेत. सामन्याच्या दिवशी रस्ते तुंबले, की धक्क्याकडे निघालेली मालमोटार खोळंबते. शिवाय प्रेक्षकांमागून उपाहारगृहे येतात, जमिनीचे भाव चढतात आणि कारखान्याला तेथे राहणे परवडेनासे होते. अखेर २०१६ साली नगरपरिषदेने योजनेसाठी रस्त्याचा तुकडा देण्याचे पाच विरुद्ध चार मतांनी नाकारले. क्रीडागृह नगरीला मिळालेच. अन्यत्र, जुन्या क्रीडागृहाच्या जागी, २०२१ साली.

आमच्या नगरीला समुद्र नाही, म्हणून हा प्रश्न आम्हांस परका आहे काय? वाळूज-शेंद्र्याचा निर्यातीचा माल न्हावाशेव्याच्या धक्क्यावर जातो. त्या बंदराची वाट आमच्याच कारखान्यांच्या फाटकापासून सुरू होते. बिडकीनला तर उद्योगनगरीसाठी हजारो एकर शेतजमीन संपादित झाली आहे. मैदाने आम्हांस हवीतच (मैदानावाचून शाळा कशी सुकते, हे आम्ही पाहिले आहे), परंतु ती मुलांच्या वस्तीजवळ हवीत. उद्योगासाठी घेतलेल्या भूमीचा उपयोग उद्या बदलावयाचा झाल्यास, ज्याने ती दिली तो शेतकरी आणि जो तेथे राबतो तो कामगार, या दोघांस आधी विचारले जावे, अशी आमची मागणी आहे.