तीन मैलांची पेठ

मुंबईच्या कर्नाक बंदर आणि दारूखाना भागांतून उठवून आणलेला लोखंड-पोलादाचा बाजार जिच्या एका अंगाला पसरला आहे आणि जिच्या उंबरठ्यापासून पुण्याचा द्रुतगती महामार्ग सुरू होतो, त्या कळंबोलीचे नाव काढताच परक्याच्या डोळ्यांपुढे सळया, पत्रे आणि अवजड मालमोटारी उभ्या राहाव्यात, हे स्वाभाविकच आहे. परंतु दिवेलागणीच्या सुमारास सेक्टरांतल्या इमारतींखालच्या गाळ्यांवरून जो सावकाश फेरफटका मारील, त्याला एक निराळाच व्यापार दिसेल. कोणी ब्लाउज शिवते, कोणी भाजणी दळून विकते, कोणी फोनची फुटलेली काच बदलून देतो. या मंडळींपाशी ना गोदाम, ना दलाल, ना अडत्या. आजूबाजूच्या तीन मैलांत असलेली पत हेच त्यांचे भांडवल. समाजमाध्यमांवर आपली जाहिरात कशी करावी, ही विवंचना अलीकडे त्यांनाच अधिक लागली आहे, आणि दरमहा ठराविक रक्कम घेऊन ‘फॉलोअर वाढवून देतो’ म्हणणारे मुखत्यार नेमके त्यांच्याच दारी उभे आहेत.

माझ्या परिचयाच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी आरीकामाच्या ब्लाउजाची रील इन्स्टाग्रामवर घातली आणि ती हजारोंनी पाहिली; पार इंदूर-नागपुराहून कौतुकाचे अभिप्राय आले. पण ज्या कामासाठी गिऱ्हाइकाने एकदा माप द्यावयास आणि एकदा फिटिंग पाहावयास गाळ्याची पायरी चढणे भाग आहे, त्या कामाचे गिऱ्हाईक इंदुराहून कसे येणार? त्याच सुमारास जवळच्याच खांदा कॉलनीतल्या एका बाईने ‘शिलाई किती?’ एवढेच विचारले होते. तो प्रश्न कौतुकाच्या गर्दीत दोन दिवस अनुत्तरित पडून राहिला, आणि ते गिऱ्हाईक दुसऱ्या गाळ्यात गेले. प्रसिद्धी आणि विक्री या दोन वस्तू भिन्न आहेत, आणि छोट्या व्यापाऱ्याने पहिलीच्या मागे लागून दुसरीचा बळी देऊ नये, एवढाच या लेखाचा मथितार्थ आहे.

जाहिरात म्हणजे आपल्या मालाची स्तुती, ही समजूत तर महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच मोडीत निघाली होती. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होईल, अशी धास्ती घेतलेल्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर विकण्याचे दुर्घट कार्य लक्ष्मणराव किर्लोस्करांनी अंगावर घेतले. औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर 1910 साली त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी वसली. आणि 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी जन्मलेले ते पत्र हळूहळू वाचकाच्या उपयोगाचा आणि आवडीचा मजकूर देऊ लागले, पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मासिक म्हणून घरोघर पोचले, आणि त्याच्या मागोमाग 1930 साली ‘स्त्री’ व 1934 साली ‘मनोहर’ निघाले. ज्याला नांगर घ्यावयाचा नव्हता तोही ते वाचीत होता, आणि ज्या दिवशी घ्यावयाची वेळ आली त्या दिवशी कारखान्याचे नाव त्याला ठाऊक होते.

त्याच धर्तीवर भाजणी विकणाऱ्या बाईंनी व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर नुसते ‘उत्तम, घरगुती, चविष्ट’ असे लिहिण्याऐवजी चकली तेलात विरघळते ती मोहन जास्त झाल्याने, हे दोन ओळींत सांगावे, आणि खाली लिहावे: ‘आज सकाळी भाजणी दळली. अर्ध्या किलोच्या वीस पिशव्या. दर अमुक. संध्याकाळी सहानंतर घरी मिळेल.’ या चार वाक्यांत ताजेपणा, प्रमाण, दर आणि वेळ असे सारे आले. त्यात स्तुतीचे एकही विशेषण नाही, आणि म्हणूनच त्यावर विश्वास बसतो. पिशवीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी नोंदणी क्रमांक असेल, तर त्याचेही छायाचित्र घालावे. व्यवसायासाठीचे व्हॉट्सॲप 2018 सालापासून विनामूल्य मिळते. त्यात पत्ता, वेळा आणि मालाची दरासह यादी एकदा भरून ठेवली, की तेच ते उत्तर पुन्हा पुन्हा टंकण्याचा त्रास वाचतो. मात्र त्यावरून सर्वांना एकदम पाठविलेला ब्रॉडकास्ट संदेश, ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये नोंदवून ठेवला आहे त्यांनाच पोचतो, ही मेख अनेकांना ठाऊक नसते. तेव्हा माल हाती देतानाच ‘ताई, नंबर तेवढा सेव्ह करून ठेवा’ असे सांगावे. सोसायटीच्या गटावर मात्र उठल्यासुटल्या जाहिराती टाकू नयेत. तेथे लोक शेजारी म्हणून जमलेले असतात. शिवाय सेक्टर, प्लॉट आणि इमारत यांच्या क्रमांकांत जेथे पाहुणाच काय, टपालवालाही गोंधळतो, तेथे गूगलच्या नकाशावर गाळ्याची नोंद करणे हे कोणत्याही रीलहून अधिक फलदायी आहे, आणि तिला दमडीही पडत नाही.

या साऱ्या व्यवस्थेचा मालक आपण नव्हे, याचे भानही सुटता कामा नये. 2020 च्या जून महिन्याच्या अखेरीस सरकारी हुकुमाने टिकटॉक बंद झाले, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या कित्येकांनी जमविलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. खाते गोठते, नियम पालटतात, फोन चोरीस जातो. म्हणून गिऱ्हाइकांची नावे आणि क्रमांक, त्यांच्या संमतीने, एका साध्या वहीत उतरवून ठेवावेत.

आणि त्याच वहीत आणखी एक रकाना आखावा. प्रत्येक विक्रीपुढे गिऱ्हाईक कसे आले, हे लिहावे: जुने, कोणाच्या सांगण्यावरून, नकाशावरून, स्टेटसवरून, की रील पाहून. महिनाअखेरीस रोकड मोजताना त्या रकान्याचीही बेरीज करावी, आणि पुढल्या महिन्याचा वेळ व पैसा कोठे घालावयाचा हे तिच्यावरून ठरवावे. जो मुखत्यार फॉलोअरांचा आकडा दाखवील, त्याच्यापुढे ही वही उघडून ठेवावी आणि यातले कोणते गिऱ्हाईक त्याने आणले ते नावानिशी विचारावे; उत्तर मिळाले तर त्याचा मेहनताना जरूर द्यावा.