मोबाईलला रानाची खोली सांगा



राज्याच्या कृषी खात्याने २०२५ साली ‘महाविस्तार’ हे ॲप आणले. मराठीत विचारले की यंत्र उत्तर देते. त्याला हसू नका. माण-जतच्या वस्त्यांवर खात्याचा माणूस किती वेळा फिरकतो हे तुम्हाला ठाऊक आहे. यंत्र रात्री दहालाही बोलते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, आता कपाशीचे काय करू, हे खुशाल विचारा. बाजारभाव विचारा.

रब्बी ज्वारीचे वाण विचारण्याआधी मात्र कुदळ घेऊन खड्डा काढा. राहुरी विद्यापीठाची शिफारस मातीच्या खोलीवर आहे: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. आपल्याकडे एकाच बांधाच्या अल्याड हातभर माती, पल्याड वितीवर मुरूम. यंत्राला हे कोण सांगणार? खोली न विचारता वाण सांगणारा मोबाईल असो की दुकानदार, त्याला लांबूनच रामराम.

आणि सल्ला चुकून पीक गेले तर जाब कोणाला विचारायचा? खात्याचे यंत्र, तर जबाबदारीही खात्याची. तालुक्याला ती घेणारा अधिकारी नेमा, ही मागणी आम्ही जिल्हा बैठकीत मांडणार आहोत. येताना यंत्राची उत्तरे वहीत उतरवून आणा. शेजारी रानाची खोली आणि तारीख लिहा.