नेमणूकपत्र हातात येईल, पण ते वाचणार कोण?

केंद्र सरकारने 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू केल्या. जुने 29 कामगार कायदे त्यांत सामावले गेले. कामगार संघटनांचे या संहितांवर गंभीर आक्षेप आहेत आणि ती चर्चा चालू राहिली पाहिजे. पण मूर्तिजापूरसारख्या तालुक्याच्या गावातल्या घरांसाठी त्यातली एक गोष्ट लगेच कामाची आहे. दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत मालकाने प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे.

आपल्याकडे आजवर नोकरी म्हणजे तोंडी व्यवहार. जिनिंग असो, ट्रान्सपोर्ट असो की मोठं कापड दुकान, कोणीतरी ओळखीचा शब्द टाकतो, मालक म्हणतो "उद्यापासून ये", आणि पोरगा कामाला लागतो. पगार किती, सुट्टी किती, पीएफ कापणार की नाही, काढलं तर काय, हे कुठंच लिहिलेलं नसतं. आता कागद येईल. पण कागद आला की त्यावर सही करावी लागते, आणि आपली माणसं ती न वाचताच करतात. आम्हाला चिंता वाटते ती याची.

लिहिलेल्या कराराची ताकद काय असते, हे मूर्तिजापूरकरांना वेगळं सांगायला नको. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी आपली शकुंतला इंग्रज कंपनीच्या मालकीची होती. देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, तरी शकुंतला जुन्या करारावरच धावत राहिली. इंग्रज गेले, पण त्यांचा कागद राहिला. नोकरीचा करारही तसाच असतो. सही करून आपण विसरतो, पण कागद विसरत नाही.

तीन जागी आपली मुलं-मुली जास्त अडकतात, असं आम्हाला दिसतं.

पहिली जागा म्हणजे बॉन्ड. पुण्या-मुंबईच्या कंपन्या, खासगी बँका, हॉस्पिटलं दोन-तीन वर्षांचा बॉन्ड लिहून घेतात. "असल्या बॉन्डला कोर्टात काही किंमत नसते," असं चौकात सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे कामच करायचं नाही, अशी अट 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. पण नोकरीची मुदत चालू असताना घातलेलं बंधन टिकू शकतं. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे 1967 सालीच सांगितलं. पाच वर्षांचा करार मधेच मोडून प्रतिस्पर्धी कंपनीत गेलेल्या कर्मचाऱ्याविरुद्धचा मनाईहुकूम न्यायालयाने कायम ठेवला. आणि मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट न्यायालयाने वैध ठरवली. म्हणून बॉन्डची रक्कम किती, मुदत किती आणि कंपनीने प्रशिक्षणावर खरंच खर्च केला का, हे सहीच्या आधी विचारायला हवं.

दुसरी जागा म्हणजे पगाराची फोड. महिन्याला पंधरा हजार मिळणार एवढंच आपण ऐकतो. त्यातला मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे बघत नाही. पीएफ आणि ग्रॅच्युइटी ठरते ती या फोडीवर. नव्या संहितेनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर ग्रॅच्युइटीसाठी आता पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष पुरेसं आहे. पण त्यासाठी कागदावर नेमणूक कोणत्या प्रकारची लिहिली आहे, नेमणूक कंपनीची आहे की ठेकेदाराची, हे बघावं लागतं. दुकानात चारच माणसं असतील तर नेमणूकपत्राची ही सक्ती लागू होत नाही. तरी किमान वेतन आणि वेळेवर पगार हा हक्क तिथंही आहे. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पूर्ण करायचा, असं वेतन संहिता सांगते.

तिसरी जागा म्हणजे शाळा. आपल्या कितीतरी मुली डीएड-बीएड करून खासगी शाळांत शिकवतात. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. शिक्षक कायद्याच्या भाषेत 'कामगार' धरला जात नाही, त्यामुळे त्याचं भांडण कामगार न्यायालयात जात नाही. मान्यताप्राप्त खासगी शाळांसाठी महाराष्ट्राचा 1977 चा वेगळा कायदा आहे आणि 1981 च्या नियमावलीत नेमणूक आदेशाचा नमुनाच दिलेला आहे. मुलीला मिळालेला कागद त्या नमुन्याशी ताडून बघणं हे एखाद्या वकिलासाठी पंधरा मिनिटांचं काम आहे.

पण वकील परवडतो कोणाला? इथंच आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. मोफत कायदेशीर मदत म्हणजे जेलमधल्या माणसासाठी किंवा पोटगीच्या केससाठी, असं आपण धरून चालतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात 'विधी सेवा' या शब्दाच्या व्याख्येतच कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणं येतं. म्हणजे केस उभी राहण्याची वाट बघायची गरज नाही. करार हातात आला, सही बाकी आहे, अशा वेळीही सल्ला मागता येतो.

ही मदत कोणाला मिळते? स्त्रियांना, मग त्यांचं उत्पन्न कितीही असो. औद्योगिक कामगारांना, दिव्यांगांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना. आणि महाराष्ट्रात ज्यांचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत आहे, त्या कोणालाही. आपल्या वस्तीतली बहुतेक घरं यात बसतात. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे किंवा अकोल्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. 15100 या क्रमांकावर फोन करता येतो. सीएससी केंद्रातून टेली-लॉ योजनेत वकिलाशी मोफत बोलताही येतं.

अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या वकिलांचं रोजचं काम जमीन, वारसा, फौजदारी, पोटगी. नोकरीचा करार तपासून द्या म्हणून कोणी येतच नाही, त्यामुळे तो सराव नाही. मागणारे वाढले तर सरावही वाढेल. स्टॅम्पपेपर घेऊन परस्पर अर्जनवीसाकडून काहीतरी टाइप करून घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे. नोटरीचा शिक्का बसला म्हणून चुकीची अट बरोबर होत नाही.

आखाती देशांत जाणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर आखाती देशांसाठी इमिग्रेशनची मंजुरी लागते आणि त्यासाठी नोंदणीकृत एजंट व ई-मायग्रेट पोर्टलवरचा करार लागतो. एजंटला तीस हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. "आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर कामाचा करार करू," असं कोणी म्हणालं, तर तिथंच थांबायचं. इथं एक करार आणि विमानातून उतरल्यावर दुसरा, ही फसवणूक जुनी आहे. इथल्या कराराची प्रत घरी अब्बांकडे किंवा भावाकडे असलीच पाहिजे.

व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, ही शिकवण आपल्याला नवी नाही. सूरह बकरहची सर्वांत लांब आयत देण्याघेण्याच्या लिखापढीबद्दलच आहे. निकाहनामा लिहिताना आपण मेहरचा आकडा दोनदा वाचून घेतो, वकील-गवाह बसवतो. मुलगा-मुलगी आयुष्याची वर्षं ज्या कागदावर लिहून देतात, त्यालाही तेवढाच वेळ दिला पाहिजे.

आमचं म्हणणं साधं आहे. मशीद कमिट्यांनी आणि समाजाच्या संस्थांनी महिन्यातून एक दिवस ठरवावा. आपल्यातले वकील, निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक बसावेत आणि ज्यांच्या हातात नेमणूकपत्र, बॉन्ड किंवा परदेशाचा करार आहे, त्यांनी तो घेऊन यावं. विधी सेवा समितीला पत्र दिलं तर पॅनेलवरचा वकीलही बोलावता येईल. आणि तोवर प्रत्येक घरात एवढं तरी पाळावं: कोऱ्या कागदावर सही नाही, मूळ सर्टिफिकेट दिलं तर त्याची लेखी पोच घ्यायची, सही केलेल्या प्रत्येक पानाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवायचा. "विचार करून उद्या सही करतो" असं म्हणायला संकोच करू नये. एक दिवसही थांबायला तयार नसलेल्या मालकाबद्दल तर घरी नक्कीच बोलावं.